गोठायचे राहून गेलेले पाणी

जानेवारीतल्या एका पहाटे, चारच्या सुमारास, निफाड तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेत मी त्यांच्याबरोबर शेकोटीपाशी उभा होतो. बांधाच्या कडेने काडीकचऱ्याचे ढीग पेटवलेले होते, ठिबकचे पाणी सुरू केलेले होते, आणि मण्यांत नुकतेच पाणी उतरू लागलेले घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले होते. या दिवसांत पारा फार उतरला तर मणी तडकतात किंवा गुलाबी पडतात, आणि गुलाबी पडलेला माल निर्यातीत कोणी हातात धरत नाही. आकाश अगदी स्वच्छ होते. उत्तरेला सप्तर्षी कोणीतरी नुकतेच मांडून ठेवल्यासारखे दिसत होते.

“आभाळ आलं असतं तर बरं झालं असतं,” मामा म्हणाले. “आभाळ आलं का थंडी पळाली म्हणून समज. पण मग भुरीचं बघावं लागतं.” (भुरी म्हणजे ढगाळ हवेत द्राक्षांवर पसरणारी बुरशी.)

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे या वाक्याचा पूर्वार्ध मला समीकरणांसकट ठाऊक असायला हवा, आणि तो आहेही. परंतु गेली काही वर्षे ज्या विषयाच्या वाचनात मी गुंतलो आहे, त्याचा गाभा मामांनी शेकोटीत काडी सारता सारता सांगून टाकला, हे मला परतीच्या वाटेवर ओझरच्या आसपास ध्यानात आले. तो विषय म्हणजे ध्रुवीय प्रदेशांतले जमिनीलगतचे ढग आणि त्यांची संगणकावर मांडलेली प्रारूपे, म्हणजे मॉडेल्स.

रात्रीची थंडी हा जमाखर्चाचा मामला असतो. पाच अंश सेल्सिअस तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट इतकी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या दीर्घलहरींच्या रूपाने वर फेकत असते. कोरडे, निरभ्र आकाश त्यातली बरीचशी परत करते, पण सगळी नाही. उरलेली तूट जमिनीला स्वतःच्या गाठीची उष्णता मोडून भरावी लागते आणि पहाटेपर्यंत पारा उतरत जातो. खाली ढगाचा थर आला की तो जमिनीइतकाच नसला तरी जवळपास तितकाच उबदार असल्यामुळे जवळजवळ सगळी रक्कम परत करतो आणि तूट मिटते. निफाडला हा व्यवहार रात्रीपुरता असतो, कारण सकाळी सूर्य येऊन नवी जमा टाकतो. ध्रुवाजवळ हिवाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने उगवतच नाही, त्यामुळे तिथे जमिनीच्या तापमानाचा बहुतेक हिशेब याच एका खात्यावर चालतो.

कॅनडाचे ‘दे ग्रोसेलिये’ हे बर्फफोडे जहाज ऑक्टोबर १९९७ मध्ये अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रातल्या बर्फात मुद्दाम गोठवून घेण्यात आले आणि वर्षभर ते बर्फाबरोबर वाहत राहिले. ‘शेबा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मोहिमेच्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट समोर आली. उत्तर ध्रुवीय हिवाळ्याला दोनच स्वभाव असतात. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४० वॅट गमावत असतो, आणि ढगांचा थर असेल तर जवळजवळ काहीच गमावत नाही. या दोहोंच्या मधली अवस्था फारशी आढळत नाही. म्हणजे सरासरी काढली तर वीस वॅटच्या आसपासची तूट येईल, पण तशी रात्र तिथे क्वचितच पडते. मामांच्या भाषेत सांगायचे तर निरभ्र रात्री शेकोटी पेटवायची आणि ढगाळ दिवसांत भुरीसाठी फवारणीचा पंप काढायचा. सरासरी रात्र धरून चालणारा शेतकरी यांतले काहीच करणार नाही आणि दोन्ही बाजूंनी बुडेल.

माझे या विषयाशी नाते २०२० च्या टाळेबंदीत जुळले. जर्मनीचे ‘पोलारस्टेर्न’ हे संशोधन जहाज सप्टेंबर २०१९ मध्ये निघून उत्तर ध्रुवीय बर्फाबरोबर वाहत होते, आणि करोनामुळे माणसांची अदलाबदल अडल्याने त्याला मध्येच आपला हिमखंड सोडून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहापर्यंत यावे लागले होते. गंगापूर रोडवरच्या घरात अडकून पडलेल्या मला बर्फात अडकलेल्या माणसांविषयी वाचताना एक विचित्र सोबत वाटे. पण मोहिमेविषयीचे कुतूहल ओसरल्यावर मागे एक प्रश्न उरला, आणि तो अजून सुटलेला नाही. ती माणसे इतके हाल सोसून ज्या ढगांची मोजमापे घेत होती, ते ढग मुळात तिथे टिकतात कसे?

आषाढात अंजनेरीवर गेलेल्या प्रत्येकाने ढगात उभे राहून पाहिलेले आहे. चष्म्यावर, भुवयांवर, कारवीच्या पानांवर बारीक थेंब साचतात आणि पाच पावलांवरचा माणूस धूसर होतो. ध्रुवाजवळचा ढगही असाच, पाण्याच्या बारीक थेंबांचा असतो. फरक इतकाच की तिथले तापमान उणे दहा, उणे पंधरा, कधी उणे पंचविसाच्याही खाली असते आणि तरीही ते पाणी गोठलेले नसते. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे अडतीस अंशांच्या आसपास येईपर्यंत द्रव राहू शकतो. शून्य अंशाला पाणी गोठते हे आपण शाळेत शिकलेले वाक्य बर्फ वितळण्याविषयी खरे आहे, पाणी गोठण्याविषयी नेहमी खरे नाही. गोठण्यासाठी पाण्याला एखादा कण लागतो, ज्याच्या पृष्ठभागावर बर्फाची रचना सुरू होऊ शकेल. तो खनिज धुळीचा असू शकतो, काही जिवाणूंचा असू शकतो, समुद्राच्या फेसातून उडालेला सेंद्रिय कणही असू शकतो.

हे वर्गात सांगताना मी विरजणाचे उदाहरण देतो. विरजण लावल्याशिवाय दुधाचे दही होत नाही. मात्र ढगातला प्रत्येक थेंब हे वेगळे भांडे आहे आणि एका भांड्यातले विरजण शेजारच्या भांड्याच्या कामाचे नाही. उत्तर ध्रुवीय ढगात एका लिटर हवेत असे दहा हजारांपासून लाखभर थेंब असतात आणि त्या तापमानाला उपयोगी पडणारा विरजणाचा कण बहुधा एखादाच असतो, कित्येकदा तोही नसतो. इतक्या भांड्यांमधल्या एकाचे दही लागते आणि बाकीचे दूध तसेच राहते.

उदाहरण इथे संपायला हवे, पण निसर्ग ते पुढे नेतो, कारण ते एक भांडे शेजाऱ्यांचे दूध पळवू लागते. स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बेर्गेरोन १९२२ मध्ये ऑस्लोजवळच्या वोक्सेनकोलेन टेकडीवर मुक्कामाला असताना सूचिपर्णी वृक्षांमधल्या वाटेने फिरायला जात असत. हवा शून्याच्या वर असली तर धुके वाटेवर जमिनीपर्यंत उतरलेले असे आणि ती शून्याच्या बरीच खाली गेलेली असली तर वाट मोकळी असे, हे त्यांच्या लक्षात आले. झाडांवर जमलेला हिमकणांचा थर धुक्यातली वाफ ओढून घेत होता. उणे पंधरा अंशांना बर्फावरच्या वाफेचा संपृक्त दाब द्रव पाण्यावरच्या दाबापेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे जी हवा थेंबाला जेमतेम पुरते तीच हिमस्फटिकाला चंगळ वाटते. स्फटिक फुगत जातो, थेंब आटत जातात आणि स्फटिक जड होऊन खाली पडतो. ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्येच मांडली होती. (भूखंड सरकतात असे सांगितल्याबद्दल ज्यांची हयातभर उपेक्षा झाली ते हेच वेगेनर, १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर त्यांचा अंत झाला.) पुढे वाल्टर फिंडआयझेन यांनी तिला बळकटी दिली आणि ही प्रक्रिया तिघांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

या प्रक्रियेला मोकळे रान मिळाले तर थेंब आणि स्फटिक एकत्र असलेला ढग काही तासांत बर्फ होऊन गळून पडला पाहिजे. प्रत्यक्षात उत्तर ध्रुवीय प्रदेशात असा ढग दिवसच्या दिवस टिकतो, आणि त्याची रचना तर उलटीच असते: सगळ्यांत थंड असलेल्या माथ्यावर द्रव पाणी आणि त्याखालून संथपणे झरणारे हिमस्फटिक. याचे कारण पुन्हा जमाखर्चातच आहे. ढगाचा माथा वरच्या कोरड्या आकाशाकडे उष्णता फेकून झपाट्याने थंड होतो, थंड झालेली हवा जड होऊन खाली बुडते, तिच्या जागी खालची हवा वर चढते आणि चढता चढता निवल्यामुळे तिच्यातून नवे थेंब तयार होतात. ढगाच्या वर पुष्कळदा हवा उबदार आणि अधिक दमट असते, त्यामुळे माथ्याकडूनही ओलावा झिरपत राहतो. स्फटिक जितके पाणी पळवतात तितके ही घुसळण भरून काढते. ढग स्वतःच्याच थंडाव्यावर जगतो असे म्हटले तर ती केवळ शब्दांची करामत ठरणार नाही, कारण माथ्यावर द्रव पाणी आहे म्हणून तो थंड होतो आणि तो थंड होतो म्हणून माथ्यावर द्रव पाणी राहते.

हे पाणी असते तरी किती? एका चौरस मीटरवर उभ्या असलेल्या ढगातून तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे पाणी निघाले, तरी तो दीर्घलहरींना जवळजवळ पूर्ण अडवू शकतो. तेवढेच पाणी गोठून मोजक्या मोठ्या स्फटिकांत गेले तर ढग विरविरीत होतो. चिमूटभर बारीक रांगोळी फरशी झाकते आणि तेवढ्याच वजनाचा शिरगोळ्याचा खडा एका जागी पडून राहतो, तसेच हे आहे. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या हिमस्तराच्या सुमारे ९७ टक्के पृष्ठभागावर बर्फ वितळू लागले होते, अगदी ३,२०० मीटर उंचीवरच्या माथ्यावरसुद्धा. त्या वेळी त्या माथ्यावर असेच द्रव पाण्याचे पातळ, कमी उंचीचे ढग होते. खालची उष्णता अडवण्याइतके ते जाड होते आणि वरचे ऊन आत येऊ देण्याइतके पातळ.

आता हे संगणकात कसे मांडायचे? जागतिक हवामानाचे प्रारूप पृथ्वीभोवतालच्या हवेचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात तापमान, वारा, आर्द्रता यांची एकेकच किंमत धरते. असा एक चौकोन शंभर किलोमीटर बाजूचा असेल तर नाशिकपासून संगमनेरच्याही पलीकडे एकच हवा, एकच ढग. उभ्या दिशेने थर बारीक असतात, तरी दोनशे-तीनशे मीटर जाडीच्या ढगाच्या वाट्याला त्यांतले दोन-तीनच येतात, आणि ज्या घुसळणीवर तो ढग जगतो तिचे भोवरे तर या जाळीतून कधीच निसटलेले असतात. जे जाळीत सापडत नाही त्यासाठी ठोकताळा वापरावा लागतो. पाणी आणि बर्फ यांच्या वाटणीचा जुना ठोकताळा फारच साधा होता. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राच्या प्रारूपात नोव्हेंबर २०१० पर्यंत ढगातले पाणी शून्य अंशाला पूर्ण द्रव, उणे तेवीस अंशांना पूर्ण बर्फ आणि अधेमध्ये तापमानानुसार ठरलेल्या प्रमाणात धरले जाई. त्यानंतर द्रव आणि बर्फ यांची स्वतंत्र खाती उघडण्यात आली. जुन्या नियमानुसार ढगाचा थंड माथा अधिक बर्फाळ आणि उबदार तळ अधिक द्रव निघणार, म्हणजे खऱ्या ढगाच्या नेमके उलट.

ऑक्टोबर २००४ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर विमानांनी आणि जमिनीवरच्या उपकरणांनी अशाच ढगांची मापे घेतली गेली. मग तीच परिस्थिती देऊन सव्वीस प्रारूपांना तो ढग उभा करायला सांगण्यात आला. बर्फाचे प्रमाण बहुतेकांचे ठीक आले, पण द्रव पाण्याची मध्यमा, म्हणजे सगळे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत, प्रत्यक्षाच्या एक तृतीयांश निघाली. बर्फाची प्रक्रिया काढून टाकून पाहिल्यावर अनेक प्रारूपांतले पाणी वाढले, यावरून चोर कुठे आहे ते कळले. उत्तर ध्रुवीय हिवाळ्याची ती दुसरी, ढगाळ अवस्था अनेक प्रारूपांत पुरेशी उमटत नाही याचेही मूळ इथेच आहे.

हे वाचून मला इतरांच्या प्रारूपांविषयी जी सहानुभूती वाटली, तिला कारण माझे स्वतःचे एक प्रारूप आहे. त्या पहाटेनंतर मी पायथॉन या संगणकभाषेत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता: एकच उभा स्तंभ, खाली माती, वर हवेचे चाळीस थर आणि रात्रभराचा उष्णतेचा हिशेब. बागेत तापमापी लावला. सलग सहा निरभ्र रात्री माझा आकडा आणि तापमापीचा आकडा अर्ध्या अंशात जुळले. मी तो आलेख मामांना मोबाइलवर दाखवला, आणि खोटे कशाला सांगू, शाबासकीची अपेक्षाही केली.

“चांगलंय,” मामा म्हणाले. “पण साफ आभाळात थंडी पडणार हे मला बी कळतं. आभाळाच्या रातीचं काय सांगतं तुझं यंत्र?”

मी एका ओळीत ढग घातला. आठवड्याभरात खरोखरच ढगाळ रात्र आली आणि माझे प्रारूप तापमापीपेक्षा तब्बल तीन अंशांनी उबदार निघाले. चूक ढगात असणार असे गृहीत धरून मी दोन संध्याकाळी त्या एका ओळीशी झगडलो. पण चूक ढगात नव्हतीच. मी हवेतली आर्द्रता कमी धरली होती, त्यामुळे माझे निरभ्र आकाश खऱ्या आकाशापेक्षा कंजूष होते. आणि ठिबकच्या भिजलेल्या पट्ट्याकडे पाहून सगळीच माती ओली धरली होती, त्यामुळे माझी जमीन खऱ्या जमिनीपेक्षा उदार होती. निरभ्र रात्री एकीची उधळपट्टी दुसऱ्याच्या कंजुषीने झाकली जात होती. ढग आला, आकाशाची चूक त्याच्याआड गेली आणि मातीची चूक उघडी पडली. लहानपणी गुणाकाराचा ताळा नवांच्या पद्धतीने पाहायला शिकवत असत, आणि आकड्यांची अदलाबदल झाली तरी तो ताळा जुळतो, हेही तेव्हाच सांगत असत. मी ते विसरलो होतो.

मोठ्या प्रारूपांच्या बाबतीत हीच गोष्ट पृथ्वीच्या भवितव्यापर्यंत जाते. अंटार्क्टिकाभोवतालच्या दक्षिण महासागरावरचे खालचे ढग प्रारूपांमध्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त बर्फाळ असत. जग तापले की प्रारूपातल्या या बर्फाचे पाणी होई, ढग अधिक शुभ्र होऊन अधिक ऊन परतवत आणि तापमानवाढीला थोडा लगाम बसे. पण ते ढग आधीपासूनच पाण्याचे असतील तर हा लगाम मुळातच तितका नाही. एप्रिल २००६ मध्ये सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाच्या लेझर किरणांना गोल थेंब आणि कोनेदार स्फटिक वेगवेगळे ओळखता येत असत. त्या निरीक्षणांना धरून येल विद्यापीठातल्या आयव्ही टॅन, ट्रूडे स्टोरेलव्मो आणि त्यांचे सहकारी मार्क झेलिंका यांनी एका अमेरिकी प्रारूपातले थेंब आणि बर्फ यांचे प्रमाण दुरुस्त केले, तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर होणारी अंतिम तापमानवाढ ४ अंशांवरून ५ ते ५.३ अंशांवर गेली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या पिढीतल्या अनेक प्रारूपांनी ढगांची अशीच दुरुस्ती केली आणि त्यांतल्या काहींचे आकडे पाचाच्या वर गेले.

इथे घाईने घाबरून जाऊ नये असे मला वाटते, आणि घाईने निर्धास्तही होऊ नये. हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालाने प्रारूपांखेरीज प्राचीन हवामानाचे आणि प्रत्यक्ष नोंदींचे पुरावे एकत्र तोलून हा आकडा ३ अंशांच्या आसपास, बहुधा अडीच ते चारच्या दरम्यान ठेवला. याचा अर्थ ढगांची दुरुस्ती चुकीची होती असा होत नाही. ढगांची चूक आजवर जिला झाकून होती अशी आणखी एखादी चूक प्रारूपात असू शकते, आणि आता ती उघडी पडली असेल, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. दुरुस्तीनंतर उत्तर बिघडले तर दुरुस्ती मागे घ्यावी, हा मोह किती प्रबळ असतो ते मला दोन संध्याकाळींपुरते का होईना, ठाऊक आहे.

उपग्रहांवर सगळे सोडून देता येत नाही, कारण वरून पाठवलेल्या रडारच्या लहरी जमिनीवर आदळून इतका गोंगाट करतात की सगळ्यांत खालचा सुमारे एक किलोमीटरचा पट्टा, म्हणजे नेमके हेच ढग, त्यात बुडून जातात. म्हणून जहाजे गोठवून घ्यावी लागतात, म्हणून स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढग दारातून आत येतील अशा जागी प्रयोगशाळा थाटली.

मी माझ्या प्रारूपातली आर्द्रता आणि माती दोन्ही पुस्तकातल्या अधिक योग्य आकड्यांवर आणली. ढगाळ रात्री आता एका अंशाच्या आत येतात. निरभ्र रात्री मात्र पूर्वी जुळत होत्या त्या दीड अंशाने हुकतात. हे मामांना सांगायला मला थोडे जड गेले, कारण पहिला आलेख त्यांनी शेजारच्या बागवाल्यालाही दाखवला होता.

“म्हणजे आधी बरोबर येत होतं ते आता चुकतंय?”

“हो. आधी चुकून बरोबर येत होतं.”

मामांनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांनी माती ओली धरायची की कोरडी, हे मी कशावरून ठरवले असे विचारले. पुस्तकावरून, मी म्हणालो. त्यांनी ओळीच्या मधोमध, ठिबकच्या नळीपासून हातभर लांब, टाचेने एक खूण केली आणि घरातून कुदळ आणायला सांगितली. दुसरा तापमापी आम्ही तिथे वीतभर खोल पुरला आणि तिसरा नळीखालच्या ओल्या पट्ट्यात. त्यांच्या तारा वेलीच्या खोडाला सुतळीने बांधल्या, म्हणजे औताला अडकायच्या नाहीत.